विंडोजवर बॅश स्क्रिप्ट चालवायच्यात: डब्ल्यूएसएल, गिट बॅश की सिगविन?

माझ्या भाच्याला जूनमध्ये हिंजवडीत नोकरी लागली. कॉलेजची चार वर्षं सगळं उबंटू लिनक्सवर केलेलं आणि ऑफिसने हातात दिला विंडोजचा लॅपटॉप. लॉग साफ करायच्या, बॅकअप घ्यायच्या अशा त्याच्या पंधरा-वीस बॅश स्क्रिप्ट (लिनक्सच्या टर्मिनलवर चालणाऱ्या कमांडच्या फाइली) आहेत, त्या आता पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या कमांड भाषेत, परत लिहू का म्हणून रात्री फोन. अजिबात नको रे, म्हटलं. तिन्ही पर्याय मी बरीच वर्षं वापरलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी बघा लॅपटॉपवर ॲडमिन राइट्स आहेत का. असतील तर सरळ डब्ल्यूएसएल 2 घ्या, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय. 2016 मध्ये आलेलं पहिलं डब्ल्यूएसएल लिनक्सचे सिस्टिम कॉल (प्रोग्राम सिस्टिमकडे करतो त्या मागण्या) विंडोजला समजतील असे फिरवून द्यायचं, 2020 मध्ये आलेल्या दुसऱ्यात मात्र खराखुरा लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतो. त्यामुळे आरसिंक (बदललेल्या फाइलीच कॉपी करणारं साधन), डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) उबंटूवर चालायचं तसंच चालतं, स्क्रिप्टमधली ओळसुद्धा सहसा बदलावी लागत नाही.

पण इथे एक गोष्ट बहुतेक जण चुकतात आणि मग डब्ल्यूएसएल स्लो आहे म्हणून बोंब मारतात. फाइली सी ड्राइव्हवर ठेवायच्या आणि स्क्रिप्ट लिनक्समधून चालवायची, म्हणजे प्रत्येक फाइलसाठी दोन सिस्टिमच्या मधली भिंत ओलांडायची. हजारो छोट्या फाइली असल्या तर हा फरक लगेच जाणवतो. प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. आणि फाइली विंडोजच्या बाजूलाच ठेवणं भाग असेल तर जुनं डब्ल्यूएसएल 1 तिथे जास्त वेगात चालतं, ते अजून निवडता येतं. रॅमचंही बघा, दुसरं व्हर्जन मशीनच्या अर्ध्यापर्यंत रॅम घेऊ शकतं, 8 जीबीच्या लॅपटॉपवर सोबत ब्राउझर उघडा असेल तर जड जातं, त्याची मर्यादा कॉन्फिग फाइलमध्ये घालता येते.

ॲडमिन राइट्स नसतील तर गिट बॅश. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) विंडोजवर बसवायचं पॅकेज म्हणजे गिट फॉर विंडोज, त्याच्यासोबत हे येतं, पोर्टेबल व्हर्जनला इन्स्टॉलसुद्धा करावं लागत नाही. मजकूर आणि फाइली शोधायच्या-बदलायच्या ग्रेप, सेड, ऑक, फाइंड या कमांड सगळ्या आहेत, रोजच्या छोट्या कामाला मस्त. आरसिंक मात्र सोबत येत नाही. आणि एक खोड लक्षात ठेवा, स्लॅशने सुरू होणारा पाथ एखाद्या विंडोज प्रोग्रामला दिला की गिट बॅश तो आपणहून विंडोजच्या पाथमध्ये बदलतं, डॉकरला फोल्डर जोडताना हमखास घोळ होतो. डब्ल्यूएसएलमध्ये हा त्रास नाही.

सिगविन, म्हणजे लिनक्सची साधनं विंडोजवर चालवणारा संच, यातलं सगळ्यात जुनं, 1995 पासूनचं. तेही ॲडमिनशिवाय बसवता येतं, आरसिंकसकट भरपूर पॅकेजेस मिळतात, फक्त नवीन काही हवं असलं की परत सेटअप चालवायचा. स्क्रिप्टला सतत विंडोजच्याच फाइलींवर काम करायचं असेल आणि गिट बॅश अपुरं पडत असेल तर हे घ्या. पण वेगाचा प्रश्न दोघांनाही आहे, कारण गिट बॅशचा पायाही सिगविनमधूनच आलाय. लिनक्समध्ये नवीन प्रोसेस (चालू प्रोग्राम) फोर्कने, म्हणजे आधीच्या प्रोसेसची प्रत काढून, झटकन तयार होते, विंडोजमध्ये तशी सोयच नाही, ती नक्कल करून भागवावी लागते. म्हणून लूपमध्ये प्रत्येक ओळीला सेड बोलावणारी स्क्रिप्ट इथे रडते. तेच काम एका ऑकमध्ये बसवलं तर चालून जातं.

आणि काहीही निवडलं तरी ओळीचा शेवट तपासा! विंडोज ओळीच्या शेवटी दोन अक्षरं टाकतं, लिनक्स एकच, त्यामुळे कालपर्यंत चालणारी स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये नवीन फाइल उघडून त्यात चिकटवून सेव्ह केली की बॅड इंटरप्रिटर म्हणून थांबते आणि स्क्रीनवर तर सगळं बरोबरच दिसत असतं. भाच्याने यात पूर्ण शनिवार घालवला, बिचारा कोथरूडला जेवायलासुद्धा आला नाही.

त्याच्या ऑफिसने अजून ॲडमिन राइट्स दिले नाहीत, आयटीकडे तिकीट टाकलंय. तोवर गिट बॅशवर लॉगच्या स्क्रिप्ट चालू केल्यात, रेपोच्या (त्याच्या स्क्रिप्ट ठेवलेल्या गिटच्या फोल्डरच्या) गिटॲट्रिब्यूट्स नावाच्या सेटिंग फाइलमध्ये शेलच्या फाइलींना एलएफ, म्हणजे लिनक्सचा एका अक्षराचा ओळीचा शेवट, पक्कं करून टाकलं, आणि आरसिंकवाल्या चार स्क्रिप्ट डब्ल्यूएसएल मिळेपर्यंत बाजूला ठेवल्यात.