सावलीचा अभ्यास: स्केचअप की रेव्हिट?

इमारतीची सावली कुठे पडेल हे बघायचं असेल आणि आराखडा कच्चा असेल, तर मी स्केचअप हे थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअरच उघडते. जागा पुणे, वेळ यूटीसी +५:३० (म्हणजे भारतीय वेळ) एवढं नीट भरायचं, शॅडोज चालू करायचे आणि तारखेचा स्लायडर ओढत बघत राहायचं. २१ डिसेंबरला साडेबाराच्या सुमारास सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ४८ अंश उंचीवर असतो. १० मीटर उंच भिंतीची सावली ९ मीटर अंगण व्यापते. २१ जूनला तोच सूर्य माथ्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ ऊन थेट उत्तरेच्या खिडकीत शिरतं. जूनमध्ये ढग असतात हे खरं, पण मेअखेरचं कडक ऊनही याच बाजूने येतं. छज्जा फक्त दक्षिणेला काढणाऱ्यांनी हे एकदा डोळ्यांनी पाहावंच.

रेव्हिट या इमारतीचं पूर्ण मॉडेल आणि नकाशे एकत्र ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सन पाथ, म्हणजे सूर्याचा मार्ग, इमारतीवर कमानीसारखा दिसतो, आणि सोलर स्टडीतून दिवसभराच्या सावलीचा व्हिडिओ काढता येतो. मजला वाढवला की नकाशे आणि सावली दोन्ही सोबत बदलतात. मोठ्या सोसायटीच्या कामात हे लाखमोलाचं. फक्त ट्रू नॉर्थ (खरी उत्तर दिशा) आधी नीट लावा, नाहीतर सगळ्याच सावल्या चुकतात. एकट्या बंगल्यासाठी मात्र एवढा पसारा मी मांडणार नाही.