कार्बन आयसोटोप टेस्टिंग सर्व्हिस: पानं आणि माती पाठवली, माझा अनुभव

गवताळ भागात सी-३ आणि सी-४ झाडं (प्रकाशसंश्लेषणाच्या दोन वेगळ्या पद्धतींची, म्हणून त्यांच्यात जड कार्बन-१३ चं प्रमाणही वेगळं) कुठे कुठे आहेत याचा नकाशा करायचा होता म्हणून एका लॅबला सॅम्पल पाठवले, आणि खरंच सांगते, काम फार नीट केलंय. कार्बन-१३ चा आकडा (ठरलेल्या मानकापेक्षा किती कमी-जास्त ते) सी-४ गवतांचा उणे १३ प्रति हजारच्या आसपास, सी-३ झुडपांचा उणे २७ च्या जवळ, फरक एकदम स्वच्छ दिसतो! मातीतला चुना आधी ॲसिडने काढावा लागतो नाहीतर आकडा शून्याकडे सरकतो आणि सी-३ ची जमीन उगाच सी-४ वाटते, म्हणून तो काढलाय का हे त्यांनी स्वतःहून फोन करून विचारलं, मला तेच सगळ्यात आवडलं. रिपोर्ट मात्र उशिरा आला. आणि हो, निवडुंगासारख्या कॅम (रात्री कार्बन डायऑक्साइड घेणाऱ्या) झाडांचे आकडे सी-४ मध्ये मिसळतात, तिथे स्वतः जाऊन बघाच.