नायकाच्या नजरेतून अख्खा सिनेमा, की सुरुवातीचाच भाग?

हातात नेहमीच्या धाटणीची रहस्यकथा आहे आणि कॅमेरा नायकाच्या डोळ्यांच्या जागी ठेवायचा विचार आहे? मग १९४७ सालचे दोन अमेरिकी चित्रपट लागोपाठ बघा.

‘लेडी इन द लेक’मध्ये रॉबर्ट मॉन्टगोमरी दिग्दर्शकही आहे आणि गुप्तहेरही. जवळपास सगळी कथा त्याच्या नजरेतून दिसते. तो स्वतः दिसतो फक्त आरशात आणि निवेदनाच्या तुकड्यांत. ‘डार्क पॅसेज’मध्ये डेल्मर डेव्हसने हीच युक्ती तुरुंगातून पळालेल्या कैद्यासाठी वापरली, पण चेहऱ्यावर शस्त्रक्रिया होईपर्यंतच. बँडेज उतरून हम्फ्री बोगार्टचा चेहरा दिसतो तेव्हा सुमारे तास उलटलेला असतो.

दुसऱ्यात चेहरा लपवणं ही कथेचीच गरज आहे: जुना चेहरा बोगार्टचा नाही, तो वर्तमानपत्रातल्या फोटोत वेगळाच दिसतो. पहिल्यात तशी गरज नाही. समोरचा अपमान करतो तेव्हा नायकाला काय वाटलं ते कळत नाही, कारण चेहराच नाही. उरतो नुसता आवाज. कॅमेरा डोळ्यांत बसवला म्हणून प्रेक्षक मनात शिरत नाही. ‘हार्डकोर हेन्री’ (२०१५) अख्खा तसाच आहे, पण तिथे नायक मुका आणि मारामारी अखंड.

खरी किंमत संकलनात मोजावी लागते. एरवी रेंगाळलेला संवाद ऐकणाऱ्यावर कट मारून, म्हणजे मध्येच ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवून, आवळता येतो. इथे ऐकणाराच पडद्यावर नाही, म्हणून चार मिनिटांचा प्रसंग एका टेकमध्ये, म्हणजे कॅमेरा न थांबवता, जमवा, नाहीतर झर्रकन वळलेल्या नजरेत जोड लपवा. दोन्ही तुकड्यांत वळण्याची दिशा, वेग आणि उजेड सारखा हवा, नाहीतर जोड उघडा पडतो.

नटांची नजरही घसरते. नायकाचे संवाद वाचणारा लेन्सशेजारी उभा राहिला, की सगळे त्याच्याकडेच बघतात आणि दीड मीटरवरून तो फरक लगेच कळतो. त्याला लेन्सच्या अगदी मागे उभा करा. फुल-फ्रेम (३५ मिमी फोटोफिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्स चेहरे नीट ठेवते, पण नायकाचे हात चौकटीबाहेर जातात. त्यामुळे ग्लास, चावी, पिस्तूल नेहमीपेक्षा वर, हनुवटीजवळ धरायला सांगा. हातांसाठी जास्त रुंद दाखवणारी १६ मिमी लेन्स लावलीत, तर जवळ आलेल्या माणसाचं नाक फुगतं.

आमचा कौल ‘डार्क पॅसेज’च्या वाटेला. संहितेत चेहरा लपवायचं कारण कुठल्या पानावर संपतं ते शोधा आणि त्याच पानावर कॅमेरा बाहेर काढा. असं पान सापडलंच नाही, तर ही नजर दाराच्या फटीतून बघण्यासारख्या दोन-तीन शॉटपुरतीच ठेवा.