एकट्याने ट्रेल रनिंगच्या ग्रुप सहलीला: एका तळाची, मुक्काम हलवणारी की शर्यतीची?

ट्रेल रनिंग म्हणजे डोंगर-जंगलातल्या कच्च्या वाटांवर पळणं. ते सह्याद्रीत, हिमालयात की थेट आल्प्समध्ये, हा प्रश्न नंतरचा. एकट्याने जाणाऱ्याने आधी सहलीचा साचा ठरवावा. असे साचे साधारण तीन. पहिल्यात एकाच ठिकाणी मुक्काम ठेवून रोज वेगळ्या वाटेने पळायचं आणि त्याच खोलीवर परतायचं. दुसऱ्यात रोज डोंगर ओलांडून पुढच्या मुक्कामाला पोचायचं. तिसऱ्यात एखादी शर्यत धरून तिच्या आगेमागे दोन-चार दिवस काढायचे.

मित्रांबरोबर गेलं तर तिन्हींत निभावून जातं. पाय मुरगळला तर कोणीतरी थांबतं, खोलीत कोण घोरतं हे आधीच ठाऊक असतं, आणि ‘आज मी नाही येत’ म्हणताना संकोच वाटत नाही. एकट्याला ही सगळी सोय आयोजकाकडून विकत घ्यावी लागते. म्हणून प्रत्येक साच्याला एकच कसोटी लावा: एखाद्या दिवशी पळणं जमलं नाही, तर त्या दिवशी तुमचं काय होणार?

एका तळाची सहल

पहिल्यांदा जाणाऱ्याने हीच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. गुडघा कुरकुरला, पोट बिघडलं, झोप झाली नाही, तरी खोली तीच आणि सामानही जागेवरच. शिवाय वेगाप्रमाणे गट पाडणं इथे सोपं असतं. सकाळी एक गट २० किलोमीटरला निघतो, दुसरा १२ ला, आणि नाश्त्याला सगळे पुन्हा एका टेबलावर येतात. अनोळखी माणसांशी ओळख होते ती बहुतेक त्या टेबलावरच. चढावर धापा टाकताना कोणी गप्पा मारत नाही.

ठाणे-नवी मुंबईकरांना घराजवळची उत्तम चाचणी म्हणजे माथेरान. ठाण्याहून कर्जत लोकलने नेरळ, तिथून टॅक्सीने दस्तुरी नाका, पुढे गाड्यांना बंदी. उंची साधारण ८०० मीटर, वाटा लाल मातीच्या, भरपूर सावलीच्या. अडचणी दोन. झाडांची मुळं वाटेवर वर आलेली असतात आणि मातीच्या रंगात ती दिसत नाहीत, त्यामुळे पाय उचलून पळायची सवय नसलेला रस्त्यावरचा धावपटू इथे हमखास ठेचकाळतो. दुसरी अडचण पॉइंटांच्या कड्यांची, म्हणून पहाटे हेडटॉर्चशिवाय निघू नये. दोन रात्रींच्या अशा सहलीत ग्रुपमध्ये आपण रमतो की नाही हे कळतं, आणि नाहीच रमलो तर रविवारी दुपारची लोकल आहेच.

हिमालयात याच साच्यासाठी मनालीसारखं सुमारे २००० मीटरचं ठिकाण बरं. विरळ हवेचा त्रास साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होतो, त्यामुळे झोपायला खाली आणि पळायला थोडं वर असं जमतं. मात्र चंदिगड किंवा दिल्लीपर्यंत विमान आणि पुढे रात्रभर बस, म्हणजे जाण्यायेण्यात तीन-चार दिवस मोडतात. सात दिवसांच्या जाहिरातीत पळण्याचे दिवस किती, ते मोजून घ्या. अनेकदा चारच निघतात.

या साच्यात खटकणारी गोष्ट एकच. चौथ्या दिवशी तीच दरी, तोच चहा. कुठेतरी ‘पोचल्याचं’ समाधान मिळत नाही.

मुक्काम हलवणारी सहल

ते समाधान इथे पुरेपूर मिळतं आणि त्याची किंमतही मोजावी लागते. आल्प्समधल्या मों ब्लां शिखराची प्रदक्षिणा घ्या. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड मिळून सुमारे १७० किलोमीटर, एकूण चढाई सुमारे १०,००० मीटर. सात दिवसांत करायची तर रोज सरासरी २४ किलोमीटर आणि १४०० मीटर चढ.

हा आकडा नवी मुंबईच्या सपाट पामबीच रोडच्या भाषेत आणायचा तर ट्रेलवाल्यांचा एक हिशेब आहे: दर १०० मीटर चढाईला सपाटीचा एक किलोमीटर धरायचा. म्हणजे २४ अधिक १४, रोज ३८ किलोमीटरइतके कष्ट, तेही सलग सात दिवस. एका दिवसाचं उदाहरण बघा. २० किलोमीटर आणि १२०० मीटर चढ म्हणजे ३२. तुमचा सावकाश वेग किलोमीटरला ७ मिनिटं असेल तर पावणेचार तास. वाट दगडगोट्यांची असेल तर सव्वाचार-साडेचार तास धरा, फोटो आणि पाणी भरणं वेगळं. आयोजक फक्त किलोमीटर सांगत असेल आणि चढाईचे मीटर सांगत नसेल, तर त्याला ते विचारायचेच.

या साच्यात न पळण्याचा दिवस कसा जातो? सामानाची गाडी जात असेल तर तुम्ही तिच्यात बसता. पण सगळ्या मुक्कामांपर्यंत गाडी जात नाही. आल्प्समधल्या कित्येक डोंगरी निवाऱ्यांना रस्ताच नाही, आणि हिमालयात सामान खेचरावर असेल तर तुमच्यासाठी गाडी कुठून येणार? तेव्हा कार्यक्रमपत्रिका हातात घेऊन प्रत्येक मुक्कामापुढे ‘रस्ता आहे’ किंवा ‘रस्ता नाही’ असं लिहून मागा. सलग दोन मुक्काम रस्त्याविना असतील, तर ती सहल एकट्याने पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी नाही.

सामान उशिरा पोचणं हे इथलं नेहमीचं दुखणं. दरड, पाऊस, बंद घाट, कारण काहीही असो, तुम्ही मुक्कामी आणि बॅग वाटेत. म्हणून रोजची औषधं, हेडटॉर्च, पावसाचं जॅकेट, एक कोरडा गरम थर, चार्जर, ओळखपत्र आणि थोडी रोख पाठीवरच्या व्हेस्टमध्येच (पळताना अंगात घालायच्या पिशवीत) ठेवायची. स्वित्झर्लंडचं चलन युरो नव्हे, फ्रँक आहे. डोंगरी निवाऱ्यांत झोपणं सामायिक हॉलमध्ये असतं आणि अंथरुणात घालायची पातळ चादरपिशवी बहुतेक ठिकाणी स्वतःची न्यावी लागते. शाकाहारी असाल तर ‘अंडं चालतं का, चीज चालतं का’ हे बुकिंगच्या वेळीच कळवा. निवाऱ्यात संध्याकाळी सगळ्यांना एकच जेवण असतं. आयत्या वेळी सांगितलं तर पाव आणि सूपावर भागवावं लागतं.

शर्यतीभोवतीची सहल

ही वरवर सर्वांत सुरक्षित वाटते. वाटेवर खुणा असतात, ठरावीक अंतरावर पाणी-खाणं असतं, वैद्यकीय पथक असतं. चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांतली मालनाड अल्ट्रा किंवा लेहची लडाख मॅरेथॉन अशा निमित्ताने ग्रुप जातात. (लडाख मॅरेथॉनचा मार्ग डांबरी आहे, ट्रेल समजून नाव देऊ नका.) पण एकट्याला नेमक्या शर्यतीच्या दिवशी ग्रुपचा उपयोग शून्य असतो, कारण प्रत्येक जण आपापल्या वेळेमागे धावतो. आदल्या दिवशी सगळे तणावात आणि दुसऱ्या दिवशी लंगडत. शर्यत चुकली तर सहलीचा कणाच जातो, आणि नोंदणीचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. आपली बिब (छातीवर लावायचा नंबर) दुसऱ्याला देणंही बहुतेक ठिकाणी नियमबाह्य असतं, कारण वैद्यकीय माहिती नोंदणी करणाऱ्याच्या नावावर असते.

उंचीचा प्रश्न या साच्यात सर्वांत घातक ठरतो, कारण शर्यतीची तारीख तुमच्या शरीरासाठी थांबत नाही. लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे आणि ठाण्या-वाशीचा माणूस समुद्रसपाटीवरून विमानाने काही तासांत तिथे उतरतो. पहिले ४८ तास पळायचं नाही, जिनाही सावकाश चढायचा. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. पत्रिकेत दुसऱ्याच सकाळी ‘हलकी दौड’ असेल तर तो आयोजक टाळा. डोकेदुखी, मळमळ, चालताना तोल जाणं हे अंगावर काढण्याचे प्रकार नाहीत. खाली उतरणं हाच उपाय. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्ससारखी गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. आणखी एक बारकी गोष्ट: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. एकट्याने जाणाऱ्याच्या घरच्यांना हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर दोन दिवस फोन लागला नाही की इकडे धावपळ सुरू होते.

तिन्ही साचे समोरासमोर ठेवले तर असे दिसतात:

| | एका तळाची | मुक्काम हलवणारी | शर्यतीची |
|---|---|---|---|
| एक दिवस न पळल्यास | खोलीवर आराम | रस्ता असेल तर गाडीत | शर्यतच हुकते |
| ओळखी होणं | सहज, जेवणावर | घट्ट, पण दोन-तीन दिवसांनी | कमी |
| वेगातला फरक | गट पाडून सुटतो | सर्वांत अडचणीचा | प्रश्नच नाही |
| ठाण्यातून सराव | पुरतो | तीन-चार महिने खास तयारी | अंतर आणि उंचीवर अवलंबून |

ग्रुपमधला ‘मधला’ माणूस

वाट चुकतो तो बहुधा सर्वांत मागचा नसतो. मागे स्वीपर (सर्वांच्या शेवटी राहणारा आयोजकाचा माणूस) असतो, पुढे लीडर असतो. चुकतो तो मधला, एकटा पळणारा. जोडीने आलेले एकमेकांना धरून असतात. एकट्याने आलेला पुढच्या गटापासून सुटतो, मागच्यांच्या आधी फाट्यावर पोचतो आणि ठळक दिसेल ती वाट धरतो. सह्याद्रीत ठळक वाट अनेकदा गुरांची असते. उपाय साधा आहे: प्रत्येक फाट्यावर पहिल्याने थांबायचं आणि मागचा दिसल्याशिवाय हलायचं नाही. हा नियम आयोजक पाळतो का, हे फोनवर विचारा. ‘आमच्याकडे कोणी हरवत नाही’ असं उत्तर आलं तर नियम नाही असं समजा. तुम्हीही वाटेची जीपीएक्स फाइल (नकाशावर मार्ग दाखवणारी) मोबाइलमध्ये ऑफलाइन घेऊन ठेवा. ११२ हा क्रमांक भारतात आणि युरोपातही चालतो.

लीडर किती, हेही मोजा. दहा जणांमागे दोन असतील आणि एकाचा घोटा मुरगळला, तर एक लीडर त्याच्याजवळ थांबतो आणि उरलेले नऊ एकाच्या भरवशावर पुढे जातात. गाडीतला तिसरा माणूस वाट ओळखणारा असेल तर ठीक.

पैसे आणि खोली

जाहिरातीतला दर बहुधा दोघांत एक खोली धरून असतो. स्वतंत्र खोली हवी तर वेगळा आकार पडतो, तो आधीच विचारा. खोली वाटून घ्यायला तयार असाल तर जोडीदार न मिळाल्यास तो आकार कोण भरणार, हे लिहून घ्या. इथेच सर्वांत जास्त वाद होतात. महिलांनी दोन प्रश्न जास्तीचे विचारावेत: ग्रुपमध्ये महिला किती, आणि महिला लीडर आहे का.

किमान संख्या भरली नाही तर सहल रद्द होते, म्हणून ‘सहल नक्की’ असा निरोप येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका. पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीआदेश निघतात, खारघरच्या पांडवकड्यासारख्या ठिकाणी तर नेहमीच. अशा वेळी पैसे परत मिळणार की पुढची तारीख, तेही ठरवून घ्या. परदेशी पॅकेजवर आयोजक आगाऊ वसूल करतो तो कर (टीसीएस) प्राप्तिकर विवरणपत्रात वळता होतो, तेव्हा पावती जपा. आल्प्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा विमा लागतो, पण तेवढ्याने भागत नाही. डोंगरात पळणं आणि हेलिकॉप्टरने सुटका हे दोन्ही पॉलिसीत शब्दशः हवं, आणि उंचीची मर्यादा किती तेही वाचा. विमानाने नेपाळला जाणार असाल तर व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या. आधारवर भागेल असं धरून निघू नका.

सराव इथे कसा

येऊर आणि पारसिक टेकडी चांगल्या, पण चढ छोटे. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्यांचा वावर आहे. प्रवेशाच्या वेळा पाळा आणि अंधारात एकट्याने जाऊ नका. खरा सराव घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या टॉवरमध्ये होतो. एक मजला साधारण ३ मीटर, म्हणजे ३० मजले ९० मीटर. आठ फेऱ्यांत ७०० मीटरच्या वर चढाई. दोन-तीन फेऱ्या लिफ्टने न उतरता जिन्यानेच उतरा, कारण सहलीत मांड्या मोडतात त्या उतारावर. खाण्याचा सरावही इथेच करा: तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, चार-पाच साध्या खजुरांत त्यातली २५-३० मिळतात. लिंबू-सरबतात लिटरला पाव चमचा मीठ म्हणजे सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम. नुसतं पाणी पीत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही, उलट रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं.

परतीची तारीखही विचार करून घ्या. उतारामुळे दुखणाऱ्या मांड्यांचा ठणका एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचतो. रविवारी रात्री घरी पोचलात तर तो सोमवार-मंगळवारी, ठाणे स्टेशनचा पूल उतरताना, कठड्याला धरून मोजावा लागेल.