दातांची झीज: नाइट गार्ड, आम्लावर नियंत्रण की ब्रशमध्ये बदल?

दात झिजू लागले आहेत असे कळल्यावर साधारणपणे तीन उपाय पुढे येतात: रात्री दातांवर लावायचे संरक्षक कवच म्हणजे नाइट गार्ड, आंबट पेयांवर नियंत्रण आणि ब्रश व पेस्ट बदलणे. तिन्ही उपयुक्त आहेत, परंतु प्रत्येकाचा रोख वेगळ्या कारणावर आहे, आणि चुकीचा उपाय निवडला तर झीज चालूच राहते. एनॅमलचा, म्हणजे दातावरील कठीण बाह्य थराचा, वजनाने सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो, आणि तो घडवणाऱ्या पेशी दात उगवेपर्यंतच नाहीशा झालेल्या असतात. त्यामुळे गेलेला थर शरीर पुन्हा तयार करू शकत नाही. चावण्यामुळे वयानुसार होणारी थोडी झीज स्वाभाविक असते. तिचा वेग वाढला, की कारण शोधावे लागते.

पहिला पुरावा दातांवरच्या खुणांमध्ये असतो. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर चावण्याचे पृष्ठभाग सपाट व चकचकीत होतात, आणि वरच्या दातावरची खूण खालच्या दातावरच्या खुणेशी जुळते. आम्लामुळे होणारी झीज मात्र जेथे दाताला दात लागत नाही अशा जागीही दिसते: दाढांच्या टोकांवर वाटीसारखे खळगे पडतात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि भोवतालचा दात विरघळल्यामुळे जुने फिलिंग बेटासारखे उंच उरते. ब्रशमुळे झालेली झीज हिरडीलगत पाचरीच्या आकाराची खाच पाडते, आणि ती बहुधा सुळ्यांवर व उपदाढांवर आढळते. चावण्याच्या दाबाने दात मानेपाशी किंचित वाकतो व त्यामुळेही अशा खाचा पडतात, असे एक मत आहे, परंतु त्यावर तज्ज्ञांमध्ये अद्याप एकमत झालेले नाही.

नाइट गार्ड दात खाण्याची सवय थांबवत नाही, हे तो घेण्यापूर्वीच समजून घेतले पाहिजे. दातांऐवजी गार्ड झिजतो, एवढेच त्याचे काम. ते तो चोख करतो, म्हणून दातांचे टवके उडत असतील किंवा फिलिंग वारंवार तुटत असेल, तर त्याला चांगला पर्याय नाही. दंतवैद्याने माप घेऊन बनवलेला कडक अ‍ॅक्रिलिकचा गार्ड नीट बसतो आणि चावण्याचा दाब सर्व दातांवर सारखा विभागतो. तयार मिळणाऱ्या मऊ गार्डबाबत ही खात्री देता येत नाही. सवयीमागे मानसिक ताण, मद्यपान, धूम्रपान, नैराश्यावरील काही औषधे किंवा झोपेत श्वास अडण्याचा विकार असू शकतो. मोठ्याने घोरणे आणि दिवसा पेंग येणे ही लक्षणे सोबत असतील, तर गार्डचे माप देण्याआधी झोपेची तपासणी करून घ्यावी.

आम्लाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे आणि तोच सर्वाधिक दुर्लक्षित राहतो, कारण त्यात वेदना उशिरा सुरू होतात. पीएच हे आम्लतेचे माप आहे: आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र. तोंडातील पीएच सुमारे ५.५ च्या खाली गेला, की एनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात. कोला पेयांचा पीएच २.५ च्या आसपास असतो, आणि जठरातील आम्ल त्याहूनही तीव्र असते. येथे एकूण किती प्यायले यापेक्षा किती वेळा प्यायले याला महत्त्व आहे: जेवणासोबत एकदाच घेतलेल्या पेल्यापेक्षा तेच पेय तासभर घोट घोट घेणे अधिक घातक ठरते, कारण लाळेला आम्ल निष्प्रभ करण्यास उसंतच मिळत नाही. काही औषधांमुळे तोंड कोरडे पडते. अशा व्यक्तींना धोका आणखी जास्त असतो. आंबट खाल्ल्यावर ‘दात आंबले’ असे आपण म्हणतो, तेव्हा साध्या पाण्याने चूळ भरावी आणि लगेच ब्रश चालवू नये. अर्धा तास थांबण्याच्या सल्ल्याचा प्रत्यक्ष लाभ मर्यादित असल्याचे काही अभ्यास सांगतात, तरी खबरदारी म्हणून तो पाळण्यात काहीच तोटा नाही. फ्लोराइडच्या पेस्टचा, विशेषतः स्टॅनस फ्लोराइड असलेल्या पेस्टचा, आम्लापासून संरक्षणासाठी उपयोग होतो. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजली असेल तर आम्लपित्त किंवा वारंवार होणारी उलटी कारणीभूत असू शकते, आणि मग उपचार दंतवैद्यापुरते राहत नाहीत.

ब्रशचा बदल सर्वांत सोपा आहे. मऊ ब्रश, हलका हात आणि दोन मिनिटे पुरेशी आहेत. डाग घालवण्यासाठी विकली जाणारी खरखरीत पावडर आणि कोळशाची पेस्ट मी तरी झिजलेल्या दातांना सुचवणार नाही.

खुणा एकाहून अधिक कारणांकडे बोट दाखवत असतील, आणि तसे बऱ्याचदा होते, तर माझ्या मते आम्लापासून सुरुवात करावी, कारण आम्लाने मऊ झालेले एनॅमल ब्रशनेही लवकर झिजते आणि दात खाल्ल्यानेही. रात्री आम्ल तोंडात येत असताना केवळ गार्ड लावला, तर ते आम्ल गार्डखाली अडकून राहण्याची शक्यता असते. दातांचे तुकडे पडत असतील तेव्हा मात्र गार्डला प्राधान्य द्यावे व आम्लाचा बंदोबस्त त्याच्या जोडीने करावा.

खाचा भरून घेण्याची किंवा कॅप बसवण्याची घाई करू नये. दात असह्य शिवशिवत असेल किंवा झीज दाताच्या नसेजवळ पोहोचली असेल तर गोष्ट वेगळी. अन्यथा आधी दातांचे फोटो किंवा साचे घेऊन ठेवावेत, सहा महिने ते वर्षभराने त्यांच्याशी तुलना करावी आणि झीज थांबलेली दिसली, की मगच भरण्याचा निर्णय घ्यावा.