७,५४० पॉइंट गेले आणि वर माझेच ५९० रुपये गेले

मालवणजवळ तारकर्लीच्या बाजूला आमचं दोन खोल्यांचं होमस्टे आहे. मे संपत आला की गिऱ्हाईक आटतं, किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबावाले बोटी वर ओढून ताडपत्री घालतात, त्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणजे आमच्याकडे जूनमध्ये माणूस करणार काय तर पाऊस बघणार आणि मोबाईल बघणार. असंच बघता बघता एक जाहिरात आली, घरबसल्या सर्व्हे भरा, पॉइंट मिळवा, पॉइंटचे गिफ्ट व्हाउचर नाहीतर थेट यूपीआयवर पैसे. साइन अप केल्या केल्या ५०० पॉइंट खात्यात. दहा पॉइंटचा एक रुपया. म्हटलं बरं आहे, निदान मोबाईलचा रिचार्ज सुटेल.

आता घरात आमच्या रेंज नाही. खळ्यात तुळशीजवळ येते. तर मी प्लास्टिकची खुर्ची टाकून, एका हातात छत्री धरून सर्व्हे भरायचो, हे गावातल्या निम्म्या लोकांनी बघितलंय, त्यामुळे लपवण्यासारखं काही नाही. आई माजघरातून विचारायची, "काय रे, इतक्या काय लिवतंस?" मी सांगितलं साबणाबद्दल विचारतायत. ती म्हणाली, "तुझ्या साबणाची तेंका काय पडली हा?" तेव्हा हसलो.

साबणाचा तो सर्व्हे मला अजून पाठ आहे. साबण शेवटचा कधी घेतला, कोणी घेतला, वास बघून घेतला की जाहिरात बघून. मग एकाच प्रश्नाखाली दहा ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे पाच गोळे, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. मध्येच एक ओळ, "या ओळीत असहमत निवडा", म्हणजे तुम्ही वाचताय की झोपेत दाबत सुटलाय ते बघायला. वरची हिरवी पट्टी ८५ टक्क्यांवर गेली, सतरा मिनिटं झाली आणि स्क्रीनवर आलं, क्षमस्व, तुम्ही या सर्व्हेसाठी पात्र नाही. २ पॉइंट. म्हणजे वीस पैसे. अरे, पात्र नाही हे पहिल्या दोन मिनिटांत कळत नाही काय? वय, गाव, घरातली माणसं, गाडी आहे का, हे सगळं तर सुरुवातीलाच विचारून झालेलं असतं.

नंतर मुंबईला असल्याच लाईनमध्ये काम केलेल्या एका मित्राने समजावलं. कंपनीला ठराविक माणसं हवी असतात, समजा मोठ्या शहरातल्या अमुक वयाच्या इतक्या बायका. तो आकडा भरला की मागून येणारा बाहेर. हे चांगल्या साइटवर पण होतं, त्यात फसवणूक नाही. पण बाहेर काढताना तुम्ही तोवर दिलेली उत्तरं काही परत देत नाहीत. ती त्यांच्याकडे राहिली, तुमच्याकडे वीस पैसे.

इथे माझी चूक सांगतो, नाहीतर अर्धी गोष्ट होईल. माझ्या लक्षात आलं की आमचा इथला पिनकोड ४१६६०६ टाकला की बहुतेक सर्व्हे मला बाहेरच काढतात. म्हणून प्रोफाइलमध्ये दादरच्या भावाचा ४०००२८ टाकला. लगेच सर्व्हे वाढले. चार-पाच दिवस मजा. त्याच जोशात बायकोचं पण अकाउंट उघडलं, माझ्याच हॉटस्पॉटवर, कारण कोणाला जोडलं की २५० पॉइंट जास्त. एका घरात एकच अकाउंट असा नियम होता, तो अटींमध्ये कुठेतरी खाली बारीक अक्षरात. मी अटी वाचल्या नव्हत्या. तुम्ही वाचता काय?

जुलैत पाऊस असा की लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवर पण जातो. एकदा चाळीस मिनिटांचा सर्व्हे, १५० पॉइंटचा, बँकिंगबद्दल, शेवटचं पान लोड होता होता सगळं गेलं. परत उघडलं तर "तुम्ही हा सर्व्हे आधीच घेतला आहे". पॉइंट शून्य. सपोर्टला मेल टाकला, उत्तर आलं की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मोलाचा, पण ते मोल दीडशे पॉइंटाएवढं पण नाही.

पैसे काढायला सुरुवातीला ५,००० पॉइंट लागायचे. मी ४,८६० वर असताना एके सकाळी तो आकडा ७,५०० झाला. मेल नाही, मेसेज नाही. तिथेच उठायला हवं होतं. पण एवढं केलंय तर थोडं आणखी, असं होतं ना माणसाचं, शिवाय बारा महिने पॉइंट पडून राहिले तर बाद होणार असं पण लिहिलेलं, म्हणजे थांबायची पण भीती. ऑगस्टमध्ये ७,५४० झाले. गणपती तोंडावर, म्हटलं गणपतीच्या वर बांधतो त्या माटवीच्या लायटिंगचा खर्च तरी यातून निघेल. रिक्वेस्ट टाकली. सात ते दहा कामाचे दिवस. नवव्या दिवशी मेल, ओळख पटवण्यासाठी आधारचा दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा. पाठवला, अख्खा, आकडे न झाकता. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार काढता येतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दोन दिवसांनी उत्तर, तुमच्या उत्तरांमध्ये आणि ठिकाणामध्ये विसंगती आढळली, अकाउंट कायमचं बंद, सर्व पॉइंट रद्द.

विसंगती होती, मान्य. पण दादरचा पिनकोड आणि मालवणचा टॉवर त्यांना जूनपासून दिसत होता ना? दोन महिने सर्व्हे घेताना चालला. पैसे मागितल्यावरच दिसला. माझा राग आहे तो यावर. मी वहीत तास मांडले होते, साधारण ६२. सगळे पैसे मिळाले असते तरी ७५४ रुपये, म्हणजे तासाला बारा रुपये. आमची शेजारीण रस्त्याच्या कडेला अळमी, म्हणजे रानातली अळंबी, घेऊन बसते, ती एका सकाळी याच्यापेक्षा जास्त घेऊन घरी येते.

आणि खरा मूर्खपणा तर पुढे आहे. रागाच्या भरात मी त्यांच्या पेजखाली तक्रार लिहिली. अर्ध्या तासात त्याच लोगोच्या अकाउंटवरून मेसेज. सर, गैरसमज झाला, तुमचे पॉइंट आम्ही रिलीज करतो, फक्त प्रोसेसिंगचे ५०० आणि १८ टक्के जीएसटीचे ९०. मला त्या जीएसटीनेच गंडवलं. चोर कशाला हिशोबाने जीएसटी लावेल, असं वाटलं. क्यूआर स्कॅन केला तर वर कुठल्यातरी माणसाचं नाव, कंपनीचं नाहीच. ते मी वाचलं. वाचून पिन टाकला. हे लिहिताना पण लाज वाटते. पाच मिनिटांत पुढचा मेसेज, आता सिक्युरिटी डिपॉझिट १,१८०, हे रिफंडेबल. तेव्हा बायकोने मोबाईल हातातून काढून घेतला.

तिनेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. तुमच्यापैकी कोणाचं असं झालं तर तासाभरात लावा, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत कळलं तरच ते अडवता येतात. व्यवहाराचा नंबर, वेळ, रक्कम, बँक हे हाताशी ठेवा, ते पहिलं हेच विचारतात. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इनवर पण तक्रार टाकली. ५९० ची नोंद झाली, नंबर मिळाला, पैसे अजून आलेले नाहीत. पॉइंटचं मात्र कोणी काही करू शकलं नाही. पॉइंट म्हणजे पैसे नाहीत, असं त्यांच्या अटींमध्येच होतं, शिवाय कंपनीचा पत्ता परदेशातला. आधारचं बायोमेट्रिक मी लॉक करून टाकलंय, ते ॲपवरून पाच मिनिटांत होतं.

माझ्या कुडाळच्या मावसभावाने दुसऱ्या एका साइटवर शंभर रुपये झाल्या झाल्या काढून बघितले, आले, मग पुढे भरतोय. मी पण तसंच करायला हवं होतं. जिथे शंभर-दोनशे काढता येत नाहीत, जिथे आधी हजारो पॉइंट जमवा म्हणतात, तिथे मी आता पहिला सर्व्हे पण भरणार नाही. आणि पैसे मिळवायला पैसे भरा म्हटलं की फोन बायकोकडे द्यायचा, हे ठरलंय.

एक काम अजून राहिलंय. माझी माहिती काढून टाका म्हणून त्यांना मेल केला, तर उत्तर आलं, लॉगिन करून सेटिंगमध्ये जा आणि डिलीट दाबा. लॉगिन त्यांनीच बंद केलंय. साबण, गाडी, बँक, पगार, आईचं वय, आधार, सगळं तिथेच आहे आणि काल परत मेल आला, तुमच्यासाठी नवीन सर्व्हे, २० मिनिटं, ८० पॉइंट.