रंगीत सापांच्या फोटोंसाठी सर्क्युलर पोलरायझर: ऑस्टिनच्या अंगणातला मार्चपासूनचा अनुभव

आधी निकाल सांगते, कारण बरेच जण तेवढंच वाचायला येतात. पाळीव सापाचा रंग रंगद्रव्याचा असेल, तर बाहेरच्या उजेडात पोलरायझरसारखी (लेन्सवर लावून फिरवायचा, चकाकी कापणारा फिल्टर) दुसरी वस्तू नाही. रंग इंद्रधनुषी झळाळीचा असेल, तर हाच फिल्टर चुकीच्या बाजूला फिरवल्यावर सापाचं सगळं सौंदर्य पुसून टाकतो. आमच्याकडे दोन्ही प्रकारचे साप आहेत, म्हणून मला हे रोज शेजारी-शेजारी बघायला मिळालं.

केशर ही आमची कॉर्न स्नेक. काळं रंगद्रव्य नसलेली, म्हणजे ॲमेल. केशरी अंगावर शेंदरी डाग आणि लाल डोळे. इंद्रा ब्राझिलियन रेनबो बोआ आहे. तपकिरी-केशरी अंगावर काळी वर्तुळं, आणि कडेने उजेड पडला की सबंध अंगभर निळं-हिरवं-जांभळं वाहू लागतं. कॅमेऱ्यावर कॅननची १०० मिमी एफ/२.८ एल मॅक्रो लेन्स आहे, तिला ६७ मिमीचा फिल्टर बसतो. फिल्टर मधल्या किमतीचा, मल्टिकोटेड (काचेवर नको ती प्रतिबिंबं कमी करणारे थर असलेला).

केशरपासून सुरुवात करते. कॉर्न स्नेकचे खवले गुळगुळीत असतात. सावलीत ठेवली तरी वरचं आकाश तिच्या पाठीवर पांढरट पट्टा होऊन उमटतं आणि त्याखालचा शेंदरी रंग धुऊन निघाल्यासारखा दिसतो. फिल्टरची रिंग हळूहळू फिरवली की एका जागी तो पट्टा विरतो आणि एकेका खवल्याची कड मोकळी होते. कॅमेरा जमिनीपासून साधारण तीस-पस्तीस अंशांवर असेल तेव्हा हा परिणाम सर्वात जास्त मिळतो. खवल्यांवरून त्या कोनात परतणारा प्रकाश जवळजवळ पूर्ण ध्रुवीभूत (एकाच दिशेत कंप पावणारा) असतो, आणि फिल्टर नेमका तोच अडवतो. डोक्यावरून सरळ खाली रोखून काढलेल्या फोटोत फिल्टर असून नसल्यासारखाच. सापाचं अंग गोल असल्यामुळे एखादी बारीक चमकती रेघ कुठेतरी उरतेच, आणि ती उरावी असंच मला वाटतं. तिच्यामुळे अंगाचा गोलपणा कळतो.

एक धोका मात्र आहे. चकाकी गेली की केशरी रंग इतका गडद होतो की कॅमेऱ्याचा लाल चॅनल भरून वाहतो. साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) ठीक दिसतो आणि फोटोत मात्र शेंदरी डागांमधला तपशील गेलेला असतो. म्हणून तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावून ठेवते आणि एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप खाली घेते (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा).

इंद्राच्या बाबतीत सगळंच उलट. तिची झळाळी हे रंगद्रव्य नाहीच. खवल्याच्या वरच्या थरातल्या अतिसूक्ष्म रचनेवर प्रकाशाचं व्यतिकरण होऊन (लहरी एकमेकींत मिसळून काही रंग वाढतात, काही मिटतात) ते रंग दिसतात. सह्याद्रीतल्या खापरखवल्याच्या काळ्या अंगावर उन्हात जी निळी-जांभळी झाक खेळते, तीही अशीच. फिल्टर चकाकी मारायच्या जागी ठेवला की इंद्रा साधी तपकिरी होते. तिथून रिंग नव्वद अंश फिरवली की झळाळी परत येते, आणि आजूबाजूचा विखुरलेला उजेड थोडा कापला गेल्यामुळे फिल्टरशिवाय दिसते त्याहून उठून दिसते. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

डोळ्यांचं वेगळं सांगायला हवं. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. फिल्टर पूर्ण ताकदीने लावला तर त्या खवल्यावरचं आकाशाचं प्रतिबिंबही जातं आणि जिवंत साप पेंढा भरल्यासारखा दिसतो. चेहऱ्याच्या फोटोला मी रिंग अर्धीच फिरवते. आणि कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ झाले असतील, अंग मळकट दिसत असेल, तर कॅमेरा काढूच नका. त्या दिवसांत सापाला नीट दिसत नाही, तो बिथरतो. कात टाकल्यानंतरचे एक-दोन दिवस रंगांसाठी सोन्याचे.

फिल्टरच्या कुरकुरीही आहेत. दीड स्टॉप उजेड जातो. सावलीत छिद्र एफ/८ आणि शटर १/२५० सेकंद ठेवलं की आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० वरून हजार-अकराशेवर जातो. हूड (लेन्सपुढची सावलीची टोपी) लावलं की रिंगपर्यंत बोट पोचत नाही, म्हणून हूड घरीच राहतं. स्लिम रिंग घामेजल्या बोटांनी फिरत नाही. पुन्हा घेईन तेव्हा जाड, खाचा असलेली रिंग घेईन.

पण सगळ्या सामानापेक्षा जास्त काळजी सापाची. टेक्सासच्या उन्हाळ्यात सकाळी आठनंतर मी कुणालाच बाहेर काढत नाही. सापाला घाम येत नाही आणि उघड्या उन्हात तो काही मिनिटांत दगावू शकतो. इंद्राला तर तिशीपलीकडचं तापमान सोसतच नाही. इथल्या गवतात फायर अँट (जहाल डंख मारणाऱ्या मुंग्या) असतात, म्हणून आधी जागा तपासायची आणि शक्यतो चुनखडीच्या दगडावर किंवा ओकच्या सालीवर ठेवायचं. गवत टाळण्याचा आणखी फायदा म्हणजे पोटाच्या पांढऱ्या खवल्यांवर हिरवी छटा चढत नाही. नवरा हाताच्या अंतरावर बसून असतो, नजर सापावर आणि अधूनमधून आकाशातल्या ससाण्यांवर. साप थांबत नसेल तर त्याच्यावर वाडगं उपडं ठेवतो. अंधारात तो वेटोळं करून शांत होतो, आणि वाडगं उचलल्यावर काही सेकंद तसाच राहतो. खाऊ घातल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. रानात किंवा पार्कात न्यायचं नाही. पळाला तर तो प्रश्न आहेच, शिवाय जंगली सापांचे बुरशीजन्य आजार इकडून तिकडे जातात.

भारतातून वाचणाऱ्यांनी देशी साप घरी ठेवायचा विचारही करू नये. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली तो गुन्हा आहे. बोआ-अजगरांसारख्या साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीमुळे बंधनकारक झाली आहे. फिल्टर मात्र तिकडेही उपयोगी आहे. पावसाळ्यात आंबोलीला हरणटोळ ओल्या पानांत दिसला, तर पानांवरची पांढरी चमक फिल्टर छान उतरवेल. फक्त तिथे उजेड आधीच कमी असतो, त्यात दीड स्टॉप जाणार, तेव्हा सोबत ट्रायपॉड किंवा मोनोपॉड ठेवा.